मंगळवार, इनकॉग्निटो आणि स्वस्त तिकिटाची अंधश्रद्धा

हिशेबी: 'मंगळवारी मध्यरात्री इनकॉग्निटोमधून बुक करा, परदेशाचं तिकीट निम्म्यात' ही पोस्ट पुन्हा फिरतेय. डोकंच फिरलं. म्हणे इनकॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, साइटला तुमचा आधीचा शोध कळत नाही, म्हणून भाव चढत नाही. अहो, एकाच इकॉनॉमीत वाय, बी, एम अशा अक्षरांचे ढीगभर भाडेवर्ग असतात. खालचा संपला की वरचा दिसतो, मग कुकीज (ब्राउझरमधल्या शोधाच्या खुणा) पुसा नाहीतर लॅपटॉप धुवा. चौघांसाठी शोधलं आणि स्वस्त वर्गात तीनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरचं भाडं लागतं. आधी एकासाठी शोधा. फरक दिसला तर तीन आणि एक अशी फोड करा. आणि वार बदलायचाच तर प्रवासाचा बदला, बुकिंगचा नाही.

रात्रपाळी: मंगळवारचं मान्य. फोडीचं नाही. पीएनआर दोन झाले की फ्लाइट रद्द झाल्यावर तिघे एका विमानात, चौथा भलत्याच. त्यापेक्षा मोठ्या हबपर्यंत, म्हणजे विमान बदलायच्या मोठ्या विमानतळापर्यंत, एक तिकीट आणि पुढे लो-कॉस्ट (स्वस्त) कंपनीचं वेगळं. खरी बचत तिथे आहे.

उंटावरचा शहाणा: झालं! पहिलं विमान लेट झालं की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नो-शो, म्हणजे न आलेले प्रवासी, पैसे बुडाले. बॅगही सहसा पहिल्या तिकिटाच्या शेवटापर्यंतच टॅग होते. म्हणजे इमिग्रेशन करून बाहेर या, पट्ट्यावरून बॅग उचला, पुन्हा चेक-इनच्या रांगेत. त्या देशाचा व्हिसा लागत असेल आणि नसेल तर? निघतानाच काउंटरवर अडवतील.

रात्रपाळी: म्हणून फक्त केबिन बॅग, आणि मध्ये एक रात्र. दीड तासाचं कनेक्शन लावून नंतर गळा काढणाऱ्यांसाठी हा सल्ला नाहीच.

उंटावरचा शहाणा: रात्र म्हटली की हॉटेल. लो-कॉस्टची केबिन बॅग वजनात बसली नाही की गेटवर दंड, तोही ऑनलाइन दरापेक्षा बराच चढा. करा बेरीज! शिवाय एकाच तिकिटावर युरोपीय संघातून निघालात आणि कंपनीच्या चुकीने कनेक्शन हुकून शेवटच्या ठिकाणी ३ तासांहून जास्त उशीर झाला, तर २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाने ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. तुमच्या जोडतिकिटात, म्हणजे दोन वेगळ्या तिकिटांत, हुकलेल्या दुसऱ्या विमानाचं कोणी विचारत नाही.

शेंडेफळ: अवांतर: मग हिडन सिटी? पुढच्या शहराचं तिकीट स्वस्त असेल तर ते काढायचं आणि मधेच उतरायचं.

हिशेबी: एकेरी तिकीट असेल आणि बॅग चेक-इन केली नसेल, तरच. रिटर्नमध्ये एक टप्पा गाळला की पुढचे सगळे आपोआप रद्द. शिवाय गोंधळाच्या दिवशी कंपनी दुसऱ्याच हबवरून पाठवू शकते, मग तुमचं 'मधलं' शहर वाटेतच नाही! अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने २०१४ मध्ये अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या साइटवर दावा ठोकला होता, तो उगाच नव्हे. सरळ मल्टी-सिटी शोधा: एका शहरात उतरा, दुसऱ्यातून परत या. दोन एकेरींपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं.

रात्रपाळी: मल्टी-सिटी बरं आहे, एवढं म्हणतो. जोडतिकीट सोडणार नाही.

उंटावरचा शहाणा: नका सोडू. व्हिसा तेवढा बघा.

रात्रपाळी: बघतो, गुरुजी. आणि मंगळवारवाल्यांनो, अमेरिकेला जाणारं-येणारं तिकीट थेट कंपनीकडून, प्रवासाच्या किमान ७ दिवस आधी घेतलंत तर २४ तास फुकट रद्द करायला किंवा भाडं धरून ठेवायला मिळतात. बुधवारी भाव उतरला तर तेवढीच सोय.