परक्या शहरातले पहिले दिवस : तुमचे अनुभव लिहा

पळसफूल :
काल रात्री टीव्हीवर 'क्वीन' हा हिंदी सिनेमा लागला होता. २०१४ मध्ये बहिणीने मला बळेच यवतमाळला नेऊन दाखवला होता. तेव्हा माझं लग्न मोडून पंधरा दिवस झाले होते. बस्ता झालेला, पत्रिका वाटून झालेल्या, आणि तिकडून निरोप आला, मुलगा नाही म्हणतो. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात मी अंगणातसुद्धा येत नव्हते. पडद्यावर लग्न मोडलेली नायिका राणी हनिमूनच्या तिकिटावर एकटीच पॅरिसला निघाली आणि मला हुंदका आवरेना.

पुढच्या महिन्यात धामणगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला गेले. बाबा काही बोलले नाहीत. खिडकीतून पाण्याची बाटली दिली, गाडी हलली तरी गज सोडेनात. नोकरीच्या पहिल्या दिवशी बस्त्यातली मोरपंखी साडी नेसून गेले. पॅरिसमध्ये राणीच्या हातावर लग्नाची मेंदी असते ना, तशी ती साडी होती माझी.

तुरीचं शेत :
वाचता वाचता पोळी करपली गं. साडी आहे का अजून?

आर्णीकर :
पिक्चर नाही पाहिला म्या. पुण्यात खोलीवर पहिल्याच रात्री 'मी जेवून रायलो' म्हटलं आन् तिघंबी हासले. मंग चार महिने मायसंग बोलाले गच्चीवर जात होतो. एक दिवस मायले ताप आला, फोन आला तसाच सगळ्यायसमोर बोललो. त्यातला एक जण म्हणे, काकूंना विचार औषध घेतलं का. त्या दिवसापासून गच्ची सुटली.

पळसफूल :
आर्णीकर भाऊ, हे वाचून फार बरं वाटलं.

मोहाची फुलं :
ते गोलगप्पे विकते तो सीन! आपल्याकडचे गुपचूप. पॅरिसमध्येच ना तो?

तुरीचं शेत :
नाही गं, अ‍ॅमस्टरडॅम. पॅरिसमध्ये तिला विजयालक्ष्मी ही मैत्रीण भेटते. आता गुपचूप खावेसे वाटताहेत.

संत्राबाग :
मी लग्न होऊन जर्मनीत आले. रविवारी तिथे दुकानं बंद असतात हे कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच रविवारी घरात दूध नाही, नवरा कामावर, बाहेर चिटपाखरू नाही. जिन्यात बसून रडले. खालच्या आजींनी न विचारता दुधाचा डबा हातात दिला. मला त्यांची भाषा येत नव्हती, दुसऱ्या दिवशी पाटवडी करून नेली. बेसन सोबत आणलं होतं म्हणून. बाळ उठलं, बाकीचं नंतर लिहिते.

मोहाची फुलं :
पाटवडीचा रस्सा पण दिला का? तिखट झेपलं त्यांना?

पळसफूल :
@तुरीचं शेत, आहे साडी. काठ थोडा उसवलाय. दर वर्षी रुजू झाल्याच्या तारखेला नेसते.

आर्णीकर :
ताई, महाराष्ट्र एक्सप्रेस धामणगावले थांबते ना अजून? दिवाळीनंतर मायले पुण्यात आणाचं हाय.