'मिलिटंट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

एका प्रदर्शनातल्या भिंतीवरच्या पाट्या मराठीत करायचं काम हाती घेतलंय. राजकीय ध्येयासाठी शस्त्र उचललेल्या माणसांवरच्या व्हिडिओ-कलाकृती आहेत. मूळ मजकुरात 'मिलिटंट' हा शब्द जागोजागी आहे आणि प्रत्येक जागी मी अडतोय. 'अतिरेकी' लिहिलं की पाटीनेच निकाल दिल्यासारखं होतं. 'क्रांतिकारक' लिहिलं तरी तेच, फक्त दुसऱ्या बाजूने. 'लढाऊ' म्हटलं की विमान डोळ्यांपुढे येतं. 'बंडखोर' तर आता तिकीट न मिळालेल्या उमेदवारापुरताच उरलाय. सुचवा.

*

'जहाल' बघितलात का? १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा टिळकांच्या बाजूचे ते जहाल आणि समोरचे मवाळ. इंग्रजी वृत्तपत्रं ज्यांना 'एक्स्ट्रीमिस्ट' म्हणत त्यांना आपण 'जहाल' म्हणालो. पुढे १९८०च्या दशकात पंजाबच्या बातम्या आल्या, तेव्हा त्याच इंग्रजी शब्दासाठी 'अतिरेकी' पुढे आला. पहिला आज पाठ्यपुस्तकात आदराने बसलाय, दुसऱ्याच्या नशिबी ते नाही.

गंमत म्हणजे 'अतिरेक' अजून घरातलाच शब्द आहे. लाडाचा अतिरेक होतो, उपदेशाचा होतो. शेवटी एक दीर्घ ईकार लागला की हातात बंदूक येते!

*

'कडवा' का नको? कडवे कार्यकर्ते म्हणतोच की आपण.

*

कडवा कुणाचाही असू शकतो, क्रिकेटच्या संघाचासुद्धा. त्यात निष्ठा दिसते, कृती दिसत नाही. 'जहाल'चंही थोडं तसंच आहे. औषध जहाल, विष जहाल, भाषण जहाल. धार आहे, पण ती बहुतेकदा जिभेची.

*

मूळ मजकूर कुठल्या भाषेतून आलाय ते आधी तपासा. फ्रेंचमध्ये 'मिलितां' म्हणजे पक्षाचा किंवा युनियनचा साधा सक्रिय माणूस, रात्री भिंतींवर पोस्टर चिकटवणारा. त्याच्या हातात खळीची बादली असते. १९६८च्या आसपास तिथे ज्याला 'सिनेमा मिलितां' म्हणत त्याचं मराठी सरळ 'चळवळीचा सिनेमा' होईल. तिथे 'अतिरेकी' लिहिलंत तर अनर्थ होईल.

*

माझं मत वेगळं आहे. एकच प्रतिशब्द शोधूच नका. या कलाकृतींचा अर्धा विषय हाच आहे की कोण कुणाला काय म्हणतं.

पश्चिम जर्मनीत १९७०च्या दशकात शस्त्र उचललेल्या डाव्यांना बाडर-माइनहोफ 'टोळी' म्हणायचं की 'गट', यावरून बोलणारा कुठल्या बाजूचा ते लोक ओळखत. मराठीतही या दोन शब्दांत तेवढंच अंतर आहे. टोळी दरोडेखोरांची असते. गटाला निदान विचार असू शकतो.

नईम मोहायमेन यांची 'युनायटेड रेड आर्मी' ही कलाकृती घ्या. २८ सप्टेंबर १९७७ रोजी जपान एअरलाइन्सचं विमान मुंबईहून उडाल्यावर जपानी रेड आर्मी या डाव्या सशस्त्र संघटनेने पळवलं आणि ढाक्याला उतरवलं. मागणी ६० लाख डॉलर आणि जपानच्या तुरुंगातल्या साथीदारांच्या सुटकेची. कंट्रोल टॉवर आणि विमान यांच्यातल्या वाटाघाटींचं ध्वनिमुद्रण या कलाकृतीच्या गाभ्याशी आहे. बराच वेळ काळा पडदा आणि त्यावर नुसती अक्षरं. माणसं दिसतच नाहीत, फक्त बोलणं. तिथे पाटीवर 'अपहरणकर्ते' लिहा. केलेल्या कृत्याचं नाव आहे ते, स्वभावाचं नव्हे. (आणि कृपा करून 'लाल सेना' लिहू नका. वाचक थेट रशियात पोचेल.)

याउलट हितो श्टायर्ल यांची २००४ची 'नोव्हेंबर' ही व्हिडिओ-कृती. तरुणपणी त्यांनी मैत्रिणीबरोबर एक हौशी मारामारीपट केला होता, सुपर-८ या घरगुती वापराच्या फिल्मवर. तीच मैत्रीण पुढे कुर्दांच्या सशस्त्र लढ्यात गेली आणि १९९८ मध्ये मारली गेली. मग तिचा चेहरा मोर्च्यातल्या पोस्टरांवर आला. इथे खरी पंचाईत नामाची नाही, क्रियापदाची आहे. 'हुतात्मा झाली' हे पोस्टरचं मराठी. 'कंठस्नान घातलं' हे आपल्या वर्तमानपत्रांचं. 'मारली गेली' एवढंच म्हणणारं मराठी कलादालनाला शोभेल.

नामाची अगदीच गरज पडली तर 'शस्त्र हाती घेतलेले' लिहा. लांब आहे, पण खोटं नाही. दडून राहिलेल्यांसाठी 'भूमिगत' तर १९४२पासून आपला घरचा शब्द आहे.

*

मला पटलं. फक्त एक जोडतो. या कृतींना 'माहितीपट' म्हणू नका. तो शब्द माहिती द्यायचं कबूल करतो, आणि यातल्या बऱ्याच कृती माहितीवरच संशय घेतात. योहान ग्रिमोंप्रे यांच्या १९९७च्या 'डायल हिस्टरी'त विमान-अपहरणांच्या जुन्या टीव्ही-बातम्यांचे तुकडे असे सांधलेत, की शेवटी बातमी दाखवण्याची पद्धतच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. 'लघुपट' तर लांबीवर बोलतो, तो बादच. 'अनुबोधपट'ला मास्तरांचा वास येतो.

*

मग 'दस्तऐवजी व्हिडिओ' चालेल? 'दस्तऐवज' म्हटलं की कोर्ट आठवतं आणि ते इथे बरंच आहे. पुरावा आहे, पण खरा की खोटा ते ठरायचंय. 'चित्रफीत' मी फक्त टेपवर केलेल्या जुन्या कृतींसाठी ठेवतो. तीन पडद्यांवर एकदम चालणारी एक कृती आहे, तिला 'मांडणशिल्प' (इन्स्टॉलेशन).

'मिलिटंट' सात जागी 'शस्त्र हाती घेतलेले' झालं, दोन जागी 'अपहरणकर्ते', एका फ्रेंच कृतीपुरतं 'कार्यकर्ते'. एका ठिकाणी सरकारी पत्रकाचा उतारा आहे, तिथे 'अतिरेकी'च ठेवला, अवतरणचिन्हांत. आता 'लूप' राहिलंय. कृती संपली की आपोआप पुन्हा सुरू होते आणि बघणारा मधेच कुठेतरी आत शिरतो. 'आवर्तन' लिहिलं तर लोक तबला ऐकायला येतील का?