थीम पार्क, रांगा आणि एक्सेल: आपापल्या युक्त्या इथे टाका

निवांत_नाही
गप्पांच्या पानावर कुणीतरी "दीड तास रांग, अडीच मिनिटं राईड" असं लिहिलंय. ते वाचून जुनी एक्सेल फाइल आठवली, म्हणून हा धागा.

क्यू-टाइम्स या वेबसाइटवर बऱ्याच पार्कांच्या जाहीर प्रतीक्षावेळा दर ५ मिनिटांनी नोंदवल्या जातात, जुने दिवसही बघता येतात. आपल्या तारखेसारखे चार-पाच दिवस निवडा: तोच वार, तशीच शाळांची सुट्टी, पार्क उघडण्या-मिटण्याची वेळही तीच. मग प्रत्येक राईडचे दोनच आकडे काढायचे. पहिल्या अर्ध्या तासातली वेळ आणि दुपारी १ ते ३ मधली. ज्या राईडमध्ये हा फरक सर्वात मोठा, ती सकाळी पहिली. सगळ्यात गाजलेली पहिली, असं नव्हे! सकाळी ६० आणि दुपारी ७० असणारीला सकाळ दिलीत तर वाचली १० मिनिटं. ५ वरून ५० वर जाणारी गाठलीत तर ४५.

बिनचूक
सरासरी नको, मध्यक घ्या. राईड बंद असताना शून्य नोंदलं गेलं असेल तर सरासरी उगाच खाली येते आणि कायम बिघडणारी राईड "कमी गर्दीची" दिसते. बंदच्या नोंदी आधी वगळा. एपीआयमधून (म्हणजे साइटवरून प्रोग्रॅमने थेट) डेटा घेत असाल तर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, ती पार्कच्या वेळेत करून घ्या. नाहीतर भर दुपारची गर्दी भलत्याच वेळी दिसेल.

काठावरचा
फलकावरचा आकडा हा अंदाज असतो, तोही बऱ्याचदा मागचा. काही पार्कांत रांगेच्या तोंडाशी एखाद्याला कार्ड देतात आणि तो राईडपाशी पोचला की वेळ मोजतात. म्हणजे आत्ता दिसणारे ४० मिनिटं हे ४० मिनिटांपूर्वी शिरलेल्याचे. सकाळी रांग भराभर वाढत असताना फलक कमी सांगतो, संध्याकाळी ओसरताना जास्त. मिटायच्या वेळी लोकांनी नवी रांग धरू नये म्हणून मुद्दामही फुगवतात. शेवटच्या तासात फलकाला भिऊ नका.

सुईदोरा
वाचतेय. मशीनमधले कपडे काढून येते.

गणितमास्तर
लिटलचा नियम कुणी सांगितला नाही अजून? रांगेतली माणसं = दर (तासाला किती जण बसतात) × प्रतीक्षा. २४ आसनांची गाडी दर ६० सेकंदांनी सुटली तर तासाला १४४०. पट्टे तपासायला वेळ लागून ९० सेकंदांवर गेली की ९६०. पुढे ४८० माणसं असतील तर पहिल्यात २० मिनिटं, दुसऱ्यात ३०. रांग तेवढीच दिसते! म्हणून रांगेची लांबी बघू नका, दोन गाड्यांमधले सेकंद मोजा. गोल फिरणारे छोटे पाळणे याच कारणाने फसवतात. ३२ आसनं, चढ-उतार धरून साडेतीन मिनिटांची फेरी, म्हणजे तासाला जेमतेम ५५०.

निवांत_नाही
मास्तर, हे भारी. शीटमध्ये क्षमतेचा रकाना वाढवते.

पायपीट
आणि चालण्याचा रकाना? पार्काच्या या टोकाहून त्या टोकाला १५ मिनिटं सहज जातात. वाचवलेली २० मिनिटं चालण्यात घालवण्यात काय अर्थ. मी सकाळच्या दोन-तीन राईड फरकावरून लावतो, पुढे भागाभागाने.

दोन_चिमण्या
उंचीचं कुणी लिहीत नाही. मुलाला घरी अनवाणी मोजा आणि पार्काची मर्यादा बघून ती राईड शीटमधूनच काढा. रांग संपल्यावर नाही म्हटलं की जी रडारड होते ती कुठल्याच डेटात नाही 😄 मोठ्यांसाठी रायडर स्विच असेल तर एकच रांग पुरते: एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा बसून येतो, मग अदलाबदल.

काठावरचा
+१. एकटे असाल किंवा वेगळं बसायची तयारी असेल तर सिंगल रायडर, म्हणजे सुट्या रिकाम्या जागा भरायची वेगळी रांग.

जुनी_जाणती
जुना डेटा वापरताना लांब रांग टाळायच्या पासचे नियम बघा. डिस्नेचा फास्टपास १९९९ चा, फ्लोरिडात २०२१ मध्ये त्याजागी पैसे देऊन घ्यायचं जिनी प्लस आलं आणि २०२४ मध्ये त्याचं लाइटनिंग लेन मल्टी पास झालं. पासवाल्यांची रांग साध्या रांगेच्या पुढे मिसळते. तो वाटा बदलला की साध्या रांगेचा वेग बदलतो. त्यामुळे नियम बदलण्याआधीची वर्षं सरसकट मिसळू नयेत.

सुईदोरा
आले. अवांतर: एक्सेल की गूगल शीट? फोनवर एक्सेल उघडताना माझी चिडचिड होते.

बिनचूक
ताई, दोन्ही नको. स्क्रीनशॉट काढून ठेवा. दिवसभर पार्कचं अ‍ॅप चालू राहिलं की बॅटरी तशीही दुपारी मान टाकते.

पायपीट
पाऊस राहिला. जवळपास वीज चमकली की उघड्यावरचे कोस्टर थांबवतात आणि सगळे छताखालच्या राईडकडे धावतात. तेव्हा आतल्या रांगेत न जाता बंद कोस्टरच्या आसपास थांबा. उघडल्यावर पहिली काही मिनिटं रांग नसते, पण अ‍ॅपवर ते उशिरा दिसतं.

सुईदोरा
आणि नाहीच उघडला तर?

पायपीट
तर अर्धा तास गेला. सलग गडगडत असेल तर थांबू नका, सर उडती असेल तरच.