अनुभव धागा: शिकत असतानाच्या शनिवार-रविवारच्या भटकंत्या, दक्षिण युरोप

रानजाई

परवा भाचीचा फोन आला. मिलानला मास्टर्सला ॲडमिशन झाली, सप्टेंबरात निघतेय. व्हिसा, घर, पैसे सगळं विचारून झालं आणि मग हळूच म्हणाली, "मावशी, सुट्टीत फिरायला जमतं का गं तिकडे?" फोन ठेवला आणि कितीतरी वेळ मला दुसरं काही सुचेना.

मी तिथेच आर्किटेक्चर शिकले. शुक्रवारी स्टुडिओ आटोपला की सॅकमध्ये एक टीशर्ट, पोळीभाजीचा डबा, आणि शनिवारी पहाटेची रिजनल गाडी. जलद गाडीने फ्लॉरेन्स दोन तासांवर आहे, पण ते भाडं परवडायचं नाही. मग बोलोन्या, प्रातो असं बदलत बदलत जायचं. जेवणाच्या वेळेला पोचायचो. त्या हळू गाडीतून ॲपेनाइन डोंगर जितका पाहिला तितका नंतर कधीच नाही.

पहिल्या खेपेला कॅथेड्रल, उफ्फिझी संग्रहालय, जुना पूल, सगळे करतात ते केलं. पुढच्या खेपेच्या आधी घरमालकीणबाई म्हणाल्या, तुमच्याकडचा एक राजा तिथे आहे, त्याला भेटून ये. काशीने नावाची बाग आहे, आर्नो नदीच्या काठाने तीनेक किलोमीटर लांब. ट्रॅमने जाऊन शेवटपर्यंत चालत गेले. बाग संपते तिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते आणि त्या संगमावर एक छत्री उभी आहे. खाली रंगवलेला अर्धपुतळा. पोरसवदा चेहरा, डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडचा दौरा करून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. बरोबरच्या माणसांनी परवानगी मिळवून तिथेच संगमावर हिंदू पद्धतीने दहन केलं. १८७४ मध्ये स्मारक झालं. शेजारच्या मोठ्या पुलाला आजही 'इंडियनचा पूल' म्हणतात. पळायला आलेल्या माणसांना तो इंडियन कोण हे माहीतही नसेल.

मी तेव्हा त्यांच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी होते. घरापासून इतक्या लांब, इतक्या लहान वयात, आणि परतीच्या वाटेवर. मी तिथे बसून खूप रडले. घरची आठवण त्या वर्षी कुणापुढे काढली नव्हती, ती तिथे निघाली.

तुमचंही लिहा. हा धागा भाचीला पाठवणार आहे.

पंचगंगा

रानजाई, अंगावर काटा आला. आमच्या राजाराम कॉलेजचं नाव त्यांच्यावरूनच. त्यांनी त्या प्रवासात रोजनिशी लिहिली होती, इंग्रजीत. ती १८७२ मध्ये लंडनला छापून निघाली. कोल्हापुरात नव्या राजवाड्याचे आर्किटेक्ट मेजर मँट आहेत ना, फ्लॉरेन्सची ती छत्रीही त्यांचीच. तू आर्किटेक्ट म्हणून सांगितलं.

रानजाई

मँट?! हे मला माहीत नव्हतं. दिवाळीत कोल्हापूरला येते आहे, आता राजवाडा वेगळ्या नजरेने बघणार.

खारीबिस्किट

भात टाकलाय गॅसवर त्यामुळे पटकन. भाचीला सांग, शुक्रवारी प्रवास ठरवताना संप आहे का ते बघायचं. इटलीत रेल्वेचे संप बरेचदा शुक्रवारी असतात, पण आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या लोकल-रिजनल गाड्या सोडाव्याच लागतात. त्या वेळेत बसलीस की सुटलीस. आणि रिजनलचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशिनमध्ये शिक्का मारायचा. तिकीट असूनही दंड होतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट. गर्दी असते, पण उफ्फिझी फुकट म्हणजे बघ.

शेवंती_पुणे

खायचं काय करायचात पण? मी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. लेक बार्सिलोनाला जायचं म्हणतोय, मला हीच काळजी.

दर्यासारंग

काकू, काळजी नको. जेनोआला होतो मी, बंदरांवरचा अभ्यासक्रम होता. तिथे फारिनाता मिळतो. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, आणि तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात. खाल्लं की आईच्या बेसनाच्या धिरड्याची आठवण येतेच. सिसिलीत पालेर्मोला याच पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून देतात, पानेल्ले. नेपल्सला मारिनारा पिझ्झा, त्यात चीजच नाही, टोमॅटो, लसूण, ओरेगानो. पार्मेजानो चीजमध्ये मात्र दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं, कडक शाकाहारी असाल तर ते टाळा.

स्पेनमध्ये विचारून खावं लागतं, 'भाजीचं' म्हटलं तरी वर हॅमचे तुकडे टाकून आणतात. पण बार्सिलोनात टोमॅटो चोळलेला पाव सगळीकडे. बटाट्याच्या ऑम्लेटमध्ये अंडं असतं, ते नको.

शेवंती_पुणे

देव भलं करो रे बाळा. लिहून घेतलं.

अबोली_फोंडा

मी लिस्बनला होते. सगळे वर्गमित्र शनिवारी कास्काइशच्या समुद्रावर जायचे. काइश दो सोद्रेहून लोकल सुटते, बेलें ओलांडलं की नदी रुंद होत होत समुद्र होते, डाव्या खिडकीत बसायचं. वाटेत एक स्टेशन लागतं, काशियस. आमच्या आजोबांच्या तोंडी हे नाव लहानपणापासून ऐकलेलं, फक्त ते फलाटावरच्या पाटीवर वाचेन असं वाटलं नव्हतं.

मोहन रानडे इथे होते. सांगलीचा माणूस, गोव्यात शिक्षक म्हणून आला आणि पोर्तुगीजांशी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेला. १९५५ मध्ये पकडले गेले. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, तेव्हा घरोघरी दिवे लागले असतील, आणि हा माणूस समुद्रापलीकडे काशियसच्या किल्ल्यात कोंडलेला. सुटले १९६९ च्या जानेवारीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती धडपड केली ते आजोबा दर वेळी सांगायचे.

त्या दिवशी मैत्रिणींना म्हटलं तुम्ही व्हा पुढे. उतरले, चढ चढून गेले. अजून तुरुंगच आहे तो, आत जाता येत नाही. बाहेरून भिंत पाहिली आणि आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. ते उभे राहिले खुर्चीतून. काही बोलले नाहीत, नुसते उभे.

पेनीशलाही जा कुणी लिस्बनला असाल तर. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, त्यांना १९४६ मध्ये शिक्षा करून तिथल्या किल्ल्यात ठेवलं होतं. आता तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०२४ मध्ये सुरू झालं. सर्फिंगवाले जातात त्या गावाला, किल्ला बंदरालगतच आहे.

पंचगंगा

अबोली, आजोबांना नमस्कार सांग.

अबोली_फोंडा

गेले ते गेल्या पावसाळ्यात. पण सांगते, फोटोपुढे.

रानजाई

अबोली 🙏

कुकरची_शिट्टी

विषय थोडा बदलते हं. मिलानला जाणाऱ्या मुलीला तीन लिटरचा कुकर द्या, मोठा नको. तिथल्या काही शेगड्या इंडक्शन असतात, बूड बघून घ्या. शिट्टी झाली की शेजारी दार वाजवतात, आधीच सांगून ठेवायचं. आमच्या शेजारच्या आजींना मी वरणभात दिला तर त्या दर रविवारी मला त्यांच्या भाच्याच्या गाडीतून कुठे ना कुठे न्यायला लागल्या. बेर्गामो, क्रेमोना, मान्तोव्हा, सगळं त्यांच्यामुळे पाहिलं. क्रेमोनाला व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या कार्यशाळा आहेत, स्त्रादिवारीचं गाव ते. लाकडाचा आणि वार्निशचा वास गल्लीत येतो.

खारीबिस्किट

हा खरा सल्ला. वरणभात द्या, गाडी मिळवा 😄

निळासावळा

पादोवाला होतो. लोक व्हेनिसला जाताना गाडीतून पादोवा बघतात आणि पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं. अर्ध्या तासावर आहे हो! १२२२ ची युनिव्हर्सिटी. गॅलिलिओ तिथे १५९२ ते १६१० शिकवायचा. १५९५ चं लाकडी शरीररचना सभागृह आहे, वर्तुळात चढत जाणारे कठडे, खाली मधोमध प्रेत ठेवायचं टेबल. विद्यार्थी उभ्याने शिकायचे.

आणि स्क्रोव्हेन्यी चॅपेल. आधी बुकिंग लागतंच. बाहेर एका काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, आपल्या अंगाची वाफ आणि धूळ भित्तिचित्रांना बाधू नये म्हणून हवा समतोल करतात. मग आत पंधरा मिनिटं. जोत्तोने १३०५ च्या सुमारास रंगवलेलं. छताचा निळा रंग, त्यावर सोन्याचे तारे. एका चित्रात मेलेल्या येशूला कवटाळून आई बसलीय आणि वर आकाशात लहान लहान देवदूत तोंड वेडंवाकडं करून रडतायत. मला ख्रिस्ती धर्माचं काही माहीत नव्हतं तेव्हा. तरी सगळं कळलं. पंधरा मिनिटं कमी नाहीत, मन लावून बघितलं तर पुरतात. भाचीला नक्की सांगा, अगदी नक्की.

मोगरा२३

निळासावळा, बुकिंग किती आधी?

निळासावळा

शनिवार-रविवार हवा असेल तर जितकं आधी होईल तितकं. मधल्या वारी जाता आलं तर सोपं.

मोगरा२३

धन्स. माझं ग्रनाडाचं लिहिते मग. तिथल्या अल्हांब्रा किल्ल्याची तिकिटं संपली होती. आतल्या नास्री महालांना ठरलेली वेळ असते, नावासकट तिकीट, पासपोर्ट बघतात. पण न्यायद्वारातून आत जाता येतं आणि पाचव्या कार्लोसचा महाल फुकट आहे, हे तिथल्या एका बाईंनी सांगितलं. तेवढं पाहून समोरच्या टेकडीवर सान निकोलासच्या चौकात बसले होते. संध्याकाळ, समोर तांबडा किल्ला, मागे बर्फाचे डोंगर, कुणीतरी गिटार वाजवतंय. तेवढ्यात बाबांचा फोन. आजी गेली. तिकडे रात्र झाली होती.

दोन अनोळखी मुली शेजारी होत्या, मेक्सिकोच्या. त्यांनी काही विचारलं नाही. एकीने पाणी दिलं, दुसरीने माझी बॅग उचलली, हॉस्टेलपर्यंत सोडलं. तिथे ग्रनाडात पेय घेतलं की बरोबर खायला फुकट देतात, त्यांनी मला जबरदस्तीने खायला बसवलं. आमच्यापैकी कुणाचं इंग्रजी चांगलं नव्हतं त्या दिवशी. आजही दर वर्षी त्या तारखेला एकीचा मेसेज येतो.

शेवंती_पुणे

बाळ 🙏 अशा वेळी देव असंच कुणाच्या तरी रूपाने येतो.

कुकरची_शिट्टी

मोगरा, मिठी.

तेरणाकाठ

सगळे वाचतोय सकाळपासून, आता बसमध्ये आहे म्हणून टाइप करतो. माझं आजोळ तेर, धाराशिव जिल्हा. रोमला शिकत होतो. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक हस्तिदंती बाई आहे, सुमारे २५ सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजूला दासी, हातापायांत कडी. १९३८ मध्ये पाँपेईत एका घरात सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला त्याच्या आधी आपल्याकडून समुद्राने तिथे गेलेली. पाटीवर 'लक्ष्मी' म्हणत असले तरी बरेच अभ्यासक यक्षी मानतात.

तशीच घडण असलेली हस्तिदंती बाई आमच्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे, भोकरदनलाही सापडलीय. म्हणून ती कारागिरी आपल्या भागातली असावी असं मांडतात. मी लहानपणी मामाबरोबर तेरची बघितलेली. नेपल्सला काचेपुढे उभा राहिलो तर पहारेकरी काका जवळ आले, काय झालं विचारायला. मी फोनवर तेरचा फोटो काढून दाखवला. त्यांनी दुसऱ्या खोलीतल्या दोघांना हाक मारून आणलं, बघा म्हणाले, हा तिच्या गावचा आहे. तिघांनी माझ्याशी हात मिळवले.

मला ते कायम वाटतं, की आपण तिथे काहीतरी बघायला म्हणून जातो आणि आपल्याच घरचं पत्र कुणीतरी जपून ठेवलेलं सापडतं. तेरला लोक येत नाहीत याचं जास्त वाईट वाटतं. या हो कुणीतरी.

रानजाई

तेरणाकाठ, येणार. भाचीलाही जाण्याआधी तेर दाखवायला हवं, मग नेपल्स.

दर्यासारंग

काहीजण जेनोआहून नीसला जायचं म्हणतील म्हणून. व्हेन्तिमिल्या ओलांडलं की फ्रेंच पोलीस मांतों-गाराव्हानला डब्यात चढून कागद तपासतात. शेंगेन आहे, म्हणजे या देशांमध्ये सीमेवर एरवी तपासणी नसते, म्हणून कुणी विचारणार नाही असं धरून चालू नका. मूळ पासपोर्ट आणि इटलीत राहण्याच्या परमिटचं कार्ड जवळ ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही. कार्ड यायला महिने लागतात आणि तोवर पोस्टाची नुसती पावती असते. तिच्यावर दुसऱ्या देशात जाता येत नाही. डी व्हिसाची (शिकायला जाताना मिळतो तो लांब मुदतीचा) मुदत असेल तोवर ठीक, दुसऱ्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस. माझ्याबरोबरच्या मुलाला उतरवून परत पाठवलं होतं, रात्री एकटा फलाटावर. त्याच्यासाठी आम्ही दोघं पण उतरलो.

मोगरा२३

बरं केलंत.

खारीबिस्किट

भात झाला, जेवण झालं, धागा अजून चालूच 🙂 अबोली, लिस्बनला मार्तिम मोनीझच्या दुकानांत कढीपत्ता मिळायचा का गं? माझी चुलतबहीण चाललीय.

अबोली_फोंडा

मिळतो, पण रोज नसतो. शनिवारी सकाळी जायला सांग. नारळ, कोकम इथूनच न्यायला सांग, तिकडचं कोकम मला सापडलं नाही. नंबर व्यनि करते, माझी मैत्रीण अजून तिथेच आहे, ती घेऊन जाईल तिला.