दोघांच्या घरात रात्रीचं जेवण दूध, अंडी, मटणाशिवाय करावं का?

गोदाकाठची मुग्धा
आम्ही नाशिकमध्ये इंदिरानगरला दोघंच राहतो. नवरा अंबडला कंपनीत आहे, मी गंगापूर रोडला नोकरी करते. पावसाळ्यापासून आम्ही आठवड्यातली बहुतेक रात्रीची जेवणं पूर्ण वनस्पतीजन्य करतोय. मांस-मासे-अंडी नाहीत आणि दूध, दही, तूप, पनीरही नाही. कारण दोन. जनावरांचे हाल आम्हाला दोघांनाही पटत नाहीत, आणि घरची भाजी म्हणजे पनीर नाहीतर बटाटा एवढंच उरलं होतं.

माझं म्हणणं असं, की नाशिककरांना यासाठी बदामाचं दूध किंवा टोफू शोधत फिरायची गरजच नाही. घरात काळा मसाला असला की निम्मं काम झालं. मटकीची उसळ, पाटवडीचा रस्सा, डाळ-वांगं, शेंगदाण्याची आमटी, तेलावर परतलेलं भरीत, यात दुधाचा थेंब नसतो. आपली मिसळसुद्धा दह्याची वाटी बाजूला ठेवली की यातच बसते.

हल्ली आमच्याकडे वारंवार होतात ते शेंगोळे. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, हळद, मीठ घालून घट्ट मळायचं. हाताला तेल लावून सुरळी वळायची आणि दोन्ही टोकं चिकटवून कडं करायचं. फोडणीचं पाणी खळखळ उकळल्याशिवाय एकही शेंगोळा आत सोडायचा नाही, नाहीतर पीठ सुटतं आणि नुसतं पिठलं होतं. एकट्या माणसाला हे जिवावर येतं. नवरा वळतो, मी फोडणीपाशी असते, आणि दिवसभराचं बोलणंही तिथेच होतं. तुमची मतं सांगा, विरोधी असली तरी.

डाळतांदूळ
माझा विरोध आहे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या घरच्या वाटीभर पातळ वरणात डाळ पडते जेमतेम ३० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं ६-७ ग्रॅम. एका अंड्यात तेवढीच असतात, शिवाय शरीर ती जास्त चांगली वापरतं. आणि बी-१२ जीवनसत्त्वाचं काय करणार? ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही. शाकाहारी माणसाचा त्याचा मुख्य आधार दूध-दहीच, आणि तेच तुम्ही काढून टाकताय. दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांमध्येही बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते. हातापायाला मुंग्या येईपर्यंत वाट बघू नका.

सिन्नरकर
ताई, तुमच्या ताटाबद्दल मी काही बोलणार नाही. पण आमच्याकडे गारपिटीत द्राक्षं गेली, कांद्याचा भाव पडला, तरी दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो आणि त्यावर घर चालतं. गोठ्यातलं शेण शेताला जातं. शहरात बसून दूध वाईट म्हणताना तो गोठा कुणाचा आहे, हे डोळ्यांपुढे असू द्या. आमच्या गायी उपाशी नसतात.

पंचवटीतल्या काकू
मुग्धा, तू सांगितलेले सगळे पदार्थ मी चाळीस वर्षं केलेत. पण आमच्या सासूबाई दुधाविना जेवायच्या त्या तत्त्वासाठी नव्हे. दूध पुरुषांना आणि लहान मुलांना जायचं, बायकांच्या वाट्याला रस्सा आणि भाकरी. त्या काळच्या बायका किती अशक्त असायच्या, ते मी पाहिलंय. त्या ताटाचं कौतुक जपून कर. दुसरं, भिजवणं, मोड आणणं, वाटण, वळणं हे रोजचं काम आहे. तुझा नवरा वळतो ही चांगली गोष्ट. बहुतेक घरांत 'आपण दोघांनी ठरवलं' म्हणजे तिने करायचं असं होतं.

गोदाकाठची मुग्धा
काकू, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, आणि मला ते पूर्ण पटतं. म्हणूनच आमच्यात वाटणी पक्की आहे. सकाळी कडधान्य भिजत घालणं आणि रात्री उपसून फडक्यात बांधणं नवऱ्याकडे. त्याला उशीर होणार असेल त्या दिवशी मोडाचा पदार्थ नाही, सरळ मुगाची खिचडी आणि शेंगदाण्याची चटणी. ज्या घरात दोघं हात लावणार नाहीत, तिथे हा बदल करूच नये, असं माझं मत आहे.

डाळतांदूळ, वरण पातळ असतं हे खरं, म्हणून आम्ही डाळ घट्ट करतो. सोबत उसळ असते आणि शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीतली उणीव दुसरी भरून काढते. कॅल्शियमसाठी सुरगाणा-पेठकडची नाचणी आणि तीळ आहेत. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. बी-१२ बद्दल वाद नाही, त्याची गोळी आम्ही दोघंही डॉक्टरांना विचारून घेतो.

सिन्नरकर दादा, तुमच्या गोठ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरी दुधाच्या धंद्यात वासराला आईपासून लवकर तोडतात आणि नर वासराला कुणी वाली नसतो, हे मला गिळता येत नाही. मटकी, हुलगे, नाचणी, भुईमूगही शेतकऱ्याच्याच रानातून येतात. आम्ही बुधवारच्या बाजारात ते रोख घेतो.

सिन्नरकर
हुलग्याला भाव किती मिळतो आणि एकरी उतारा किती, ते एकदा बांधावर येऊन बघा. मटकीवर पोरांची फी भरता येत नाही. भाव मिळाला तर मीही पेरीन.

सातपूरचा संदीप
आमच्याकडे बायको माळकरी घरातली, मी रविवारी मटण खाणारा. तिने मला कधी अडवलं नाही. आठवडाभर मी तिच्या पद्धतीने जेवतो, रविवारी माझं मटण मी स्वतः शिजवतो, वेगळ्या पातेल्यात. एकाने दुसऱ्यावर नियम लादला की तो चोरून बाहेर खातो. मुग्धाताई, तुमच्या नवऱ्याला खरंच पटलंय, की तुमच्यासाठी गप्प आहे?

गोदाकाठची मुग्धा
त्याला विचारलं. म्हणाला, दुपारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दही घेतो आणि ते सोडायचा विचार नाही. ते त्याचं जेवण, त्यात मी पडत नाही. रात्रीचं आमचं दोघांचं आहे.

डाळतांदूळ
गोळी घेताय तर माझा निम्मा विरोध मावळला. तरी दोघांचं बी-१२ आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासा. जेवणावर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, नाहीतर कडधान्यातलं लोह नीट अंगी लागत नाही.