'अँकर पॉइंट'ला मराठीत काय म्हणायचं?

कोयनाकाठ
नवशिक्या मुलांसाठी धनुर्विद्येची पुस्तिका मराठीत करतोय. धनुष्य बांबूचं, आपल्याकडे स्पर्धांत ज्याला इंडियन राउंड म्हणतात त्यातलं; ३० आणि ५० मीटर. बोटांचा भाग सरळ झाला: तर्जनी बाणाच्या शेपटाच्या खाचेच्या वर, मधलं बोट आणि अनामिका खाली, किंवा तिन्ही बोटं खाली. अडलंय पुढे. दोरी ओढून झाल्यावर हात चेहऱ्याशी जिथे येऊन थांबतो, ओठाच्या कोपऱ्याशी किंवा हनुवटीखाली, त्या जागेला काय म्हणायचं? मी 'स्थिरबिंदू' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'नांगरबिंदू' केलं. मैदानावर सगळे 'अँकर' म्हणतात.

शिवारातला
नांगरबिंदू नकोच. आमच्या मुलांना नांगर म्हटलं की शेत दिसतं, जहाज नाही. आणि जहाज दिसलं तरी ओठाच्या कोपऱ्याशी त्याचा काय संबंध?

अंबाझरी
'अँकर' ठेवा. मुलं म्हणतात 'अँकर लागला नाही', 'अँकर वर गेला'. नाम इंग्रजी असलं तरी सगळी क्रियापदं मराठी आहेत, म्हणजे शब्द रुळलाय. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले. त्या पिढीला तुम्ही मैदानाबाहेरचा शब्द शिकवणार?

मैदानी
ते दोघं कंपाउंडवाले, म्हणजे चाकं लावलेल्या यांत्रिक धनुष्याचे. तिथे दोरीला बोटं लागत नाहीत, रिलीझ नावाचं छोटं यंत्र लागतं. इथे प्रश्न उघड्या बोटांचा आहे.

जुनी वही
'ठाण' का नाही? ठाण मांडून बसणे, हाताने गालावर ठाण मांडणे. अस्सल आहे, आणि लहान आहे.

पोथीवाचक
ठाण म्हणजे स्थान, आणि धनुर्वेदात 'स्थान' पायांसाठी राखलेलं आहे: आलीढ, प्रत्यालीढ वगैरे पवित्रे. तुम्हाला हवा तो शब्दही तिथेच आहे. चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरपद्धती या संस्कृत ग्रंथात धनुर्वेदाचा भाग आहे, त्यात पाच 'व्याय', म्हणजे ओढ थांबण्याच्या जागा, सांगितलेत: कैशिक, सात्त्विक, वत्सकर्ण, भरत, स्कंध. ओढ केसांच्या मुळाशी आली तर कैशिक, कानाशी वत्सकर्ण, मानेशी भरत, खांद्याशी स्कंध. बोटांच्या पकडीही तिथे नावानिशी आहेत: पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्णी, मत्सरी, काकतुंडी. एवढं घरात असताना उसनं कशाला आणायचं?

अंबाझरी
घरात आहे, पण कोणाच्या तोंडात आहे? सातवीतल्या मुलाला 'तुझा व्याय बिघडला' म्हटलं तर तो 'व्यय' ऐकेल. आणि शुद्धच हवं असेल तर आधी 'तिरंदाजी' काढा, ती फारसी आहे.

मैदानी
शब्दाच्या आधी वस्तू बघा. हात दोन बोटं खाली उतरला की बाणाचं शेपूट उतरतं, टोक उचलतं आणि बाण लक्ष्याच्या वरून जातो. ओढ इंचभर कमी पडली की जोर साधारण दोन पौंडांनी घटतो, बाण खाली पडतो. तेच टेकवणं ठेवून तिन्ही बोटं खाचेखाली घेतली की बाण डोळ्याजवळ येतो, म्हणजे नेम पुन्हा बसवावा लागतो. बोटं आणि ही जागा वेगळी काढताच येत नाहीत. शिवाय हा 'बिंदू' मुळी नाहीच. माझ्याकडची मुलं तर्जनीचं टोक ओठाच्या कोपऱ्यात लावतात, गालाआडून सुळा लागला पाहिजे. त्याच वेळी अंगठ्याचं मूळ जबड्याच्या हाडाखाली बसतं. दोन्ही लागलं तरच खरं. एकच लागलं तर मनगट वळलेलं असतं. मी 'टेकण' म्हणतो. 'टेकण तीच ठेव.' त्यांना कळतं.

आणि पुस्तिकेत हे घाला: तर्जनी आणि मधल्या बोटाने खाच आवळायची नाही. आवळली की सोडताना बाण धनुष्यावरच्या टेकूवरून उसळतो. मुलं ओढ संपत आली की नकळत आवळतात.

शिवारातला
टेकण आवडलं. पण आमच्याकडे टेकण म्हणजे भिंतीला लावलेला वासा. ते गालाला लावायचं?

जुनी वही
तिरंदाज शब्द निघालाय म्हणून सांगते, तीर आणि अंदाज. दृष्टीयंत्र नसलेल्या धनुष्यावर सगळं अंदाजानेच चालतं. किती चपखल आहे.

पोथीवाचक
नाही हो. तो 'अंदाज' फारसीतल्या 'अंदाख्तन'चा, म्हणजे फेकणे. तीर फेकणारा तो तिरंदाज, गोळा फेकणारा तो गोलंदाज. क्रिकेटमध्ये अंदाजाने चेंडू टाकणारा गोलंदाज होत नाही.

जुनी वही
माझे वडील फारसी शिकलेले होते, तेही माझ्यासारखंच सांगायचे. मोजण्याचा 'अंदाजा' फारसीतच आहे. दोन्ही एकाच घरचे नसतील हे कशावरून?

पोथीवाचक
घर एक असेल, पण तिरंदाजमधला अर्थ फेकण्याचाच. आणि आपली जुनी पद्धत बोटांची नव्हतीच मुळी, अंगठ्याची होती. अंगठा नसेल तर एकलव्याच्या गोष्टीला अर्थ काय उरतो? आदिपर्वात पुढे स्पष्ट आहे की तो नंतर बोटांनी ओढू लागला, पण पूर्वीइतका चपळ राहिला नाही. कोयनाकाठ, तुमची तीन बोटं ही एकलव्याची नंतरची पद्धत आहे.

जव्हारची
सगळीकडे अंगठा नव्हता. माझे आजोबा बाणाचं शेपूटच अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचे, दोरी बाणाबरोबर यायची. हात छातीशी यायचा, चेहऱ्याला लागायचाच नाही. त्याला काही नाव नव्हतं. 'ओढून धर' एवढंच.

मैदानी
चिमटीने हलकं धनुष्य ओढवतं. जड असलं तर चिमूट सुटते. किती जोराचं होतं?

कोयनाकाठ
मंडळी, 'टेकण' की 'अँकर'? छपाईला जायचंय.

अंबाझरी
अँकर.

पोथीवाचक
व्याय, कंसात टेकण. जव्हारची, एक सांगाल का? आजोबांचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला असायचा की उजव्या? अंगठ्याने ओढणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाचा बाण उजवीकडे असतो, बोटांनी ओढणाऱ्याचा डावीकडे. चिमटीत तो कुठे राहतो हे मला कुठेच लिहिलेलं सापडलं नाही.

जव्हारची
नीट आठवत नाही. मामा अजून धनुष्य बाळगतात, त्यांना विचारून इथेच लिहिते.