रेसचे जुने निकाल कुठे शोधता, कसे वाचता? (अनुभव धागा)

पुण्याचा सीझन जुलैत सुरू झाला की ऑफिसातलं कोणीतरी नवीन पोरगं विचारतंच, "काका, घोडा निवडायचा कसा?" मी म्हणतो, आधी मागच्या शर्यती वाचायला शीक. मग पुढचा प्रश्न: "त्या मिळतात कुठे आणि त्या आकड्यांचं करायचं काय?" म्हणून हा धागा. महालक्ष्मी (मुंबईचं रेसकोर्स), पुणे, परदेश, जिथे खेळता तिथलं लिहा. टिपा नकोत. "उद्या तिसऱ्या रेसमध्ये कोण?" विचारणाऱ्यांनी आणि अठरा वर्षांखालच्यांनी इथूनच परत फिरावं.

माझ्यापासून सुरू करतो. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या साइटवर कार्ड (त्या दिवशीच्या शर्यती आणि घोड्यांची यादी) आणि जुने निकाल दोन्ही सापडतात, पण मला सवय पेपरातल्या निकालाच्या ओळीची. 'द हिंदू'त येते ती. पहिल्या चार घोड्यांची नावं, मग "वन बाय 2-1/4, शॉर्ट हेड, 3/4" (म्हणजे कोण कुणाच्या किती पुढे; आकडे लेंग्थमध्ये, म्हणजे एका घोड्याच्या लांबीत, आणि शॉर्ट हेड म्हणजे डोक्याहूनही कमी), मग वेळ, मग टोटचे, म्हणजे क्लबच्या खिडकीवरच्या पैजेचे, भाव. नवशिका नावं वाचून पेपर मिटतो. मी अंतरं आधी वाचतो. वरच्या ओळीत दुसरा, तिसरा आणि चौथा घोडा मिळून एका लेंग्थच्याही आत आहेत. म्हणजे चौथा आलेला दुसऱ्यापेक्षा फारसा कमी नव्हताच. पुढच्या कार्डावर मात्र एकापुढे 2 आणि दुसऱ्यापुढे 4 एवढंच दिसतं, आणि पब्लिक त्या 2 वर तुटून पडतं. 4 ला भाव बरा मिळतो. माझं बरंचसं प्लेसचं खेळणं (घोडा पहिल्या काहींत येईल यावर लावणं) एवढ्यावरच चालतं.

गिरगावकरीण

बाबा महालक्ष्मीचे जुने पंटर. त्यांच्या ट्रंकेत सत्तरच्या दशकातली रेसबुकं आहेत, पेन्सिलीच्या खुणांसकट. 1977 ची डर्बी जिंकणारा स्क्वाँडरर त्यांच्या डोळ्यांदेखतचा; त्याचं पान उघडलं की एकाखाली एक पहिले नंबरच दिसतात. "असल्या घोड्याचं रेकॉर्ड कशाला वाचायचं, त्याला नुसतं बघायचं," असं ते म्हणत. भाव इतका पडलेला असे की लावून फायदा नाही.

मला त्यांनी शिकवला तो क्लास. तो सांगते, कारण नवीन माणूस हमखास तिथेच चकतो. आपल्याकडे हँडिकॅपर (घोड्यांची ओझी ठरवणारा अधिकारी) प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो आणि एक पॉइंट म्हणजे पाठीवर अर्धा किलो. क्लास थ्री 40 ते 66, क्लास फोर 20 ते 46. मधे 40 ते 46 चा पट्टा दोन्हीत येतो. समजा घोडा 44 चा आहे. क्लास थ्रीमध्ये 66 वाला 61 किलो घेऊन धावत असेल, तर आपला 50 किलोवर, हलका, पण वरच्या घोड्यांच्या संगतीत. तोच क्लास फोरमध्ये उतरला आणि तिथे 46 वाल्यावर 61 असेल, तर याच्यावर 60. संगत सोपी, ओझं जड. आता रेकॉर्डमध्ये नुसतं "7, 6, 8, 1" दिसलं तर वाटतं घोडा अचानक जागा झाला. तो जागाच होता, वर्ग बदलला. जिंकला म्हणून रेटिंग चढलं, आणि पुढच्या खेपेला स्वारी पुन्हा क्लास थ्रीमध्ये. बाबा त्या 1 भोवती गोल करून बाजूला "खाली आलेला" असं लिहीत.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक शर्यतीपुढे तीन गोष्टी असतात: क्लास, अंतर, वजन. नंबर शेवटी.

वानवडीचा म्हातारा

वरच्या दोघांनी वेळेबद्दल काहीच लिहिलं नाही, बरं केलं. पोरं स्टॉपवॉच घेऊन बसतात. अहो, पुण्यात ऑगस्टमधली 1200 मीटरची वेळ आणि महालक्ष्मीला फेब्रुवारीतली वेळ शेजारी ठेवून काय कळणार? पावसाने ट्रॅक मऊ. निकालाबरोबर पेनेट्रोमीटरचा आकडा देतात, तो बघा. आकडा मोठा तितकी जमीन मऊ.

आणि फॉल्स रेल, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या कडेचा तात्पुरता कठडा. कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं, अमुक मीटर रुंदीची फॉल्स रेल 1600 पासून विनिंग पोस्टपर्यंत लावली आहे, असं. आतली हिरवळ जपायला रेल बाहेर सरकवतात. वळणावर सगळ्यांनाच बाहेरून जावं लागतं, अंतर वाढतं, वेळ वाढते. त्या दिवशीची वेळ "खराब" दिसते, घोडा खराब नसतो. वेळ ताडून बघायचीच तर त्याच दिवसाच्या, त्याच अंतराच्या दुसऱ्या शर्यतीशी बघा. एवढंच.

शंकेखोर

रेकॉर्ड वाचा, हरकत नाही, पण हिशोबही मांडा. लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 2025 च्या सप्टेंबरात तो 40 झाला. मोठी रक्कम लागली की 30 टक्के टीडीएस वेगळा. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, मान्य. पण एवढा कर भरून वर राहण्याइतकं कौशल्य इथे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांकडे आहे? मी कागदावर घोडे निवडतो, पैसे लावत नाही. झोप छान लागते.

हॅपी व्हॅलीतला मिरजकर

हाँगकाँगला नोकरी, बुधवारी संध्याकाळी हॅपी व्हॅलीचं रेसकोर्स ठरलेलं. इथे रेकॉर्ड शोधावं लागत नाही, अंगावर येतं. जॉकी क्लबच्या साइटवर प्रत्येक घोड्याच्या सगळ्या शर्यती, टप्प्याटप्प्याच्या वेळा, सकाळचा सराव, व्हिडिओ, इतकंच काय, पाय लंगडला किंवा नाकातून रक्त आलं तर त्या तारखेची डॉक्टरची नोंदसुद्धा.

नवशिक्याची अडचण इथे उलटी, वाचायचं काय आणि सोडायचं काय. मी ट्रॅकपासून सुरुवात करतो. शा टिन, इथलं दुसरं रेसकोर्स, मोठा, लांब सरळ असलेला. हॅपी व्हॅली चिमुकला, वळणं आखूड. शा टिनला शेवटच्या सरळीत मागून येऊन जिंकणारा घोडा इथे वळणावर बाहेर अडकतो आणि सहावा येतो. म्हणून मी आधी शा टिनच्या शर्यती बाजूला काढतो, मग उरलेल्यांत कितव्या बॉक्समधून (सुटण्याच्या गेटमधल्या खणातून) सुटला ते बघतो. बाहेरच्या बॉक्समधून सुटून चौथा आलेला घोडा आज आतल्या बॉक्समध्ये आहे का? असेल तर त्याचा व्हिडिओ बघतो, तोही त्या एकाच घोड्यावर नजर ठेवून. जिंकणाऱ्याकडे बघत बसलं तर काही सापडत नाही.

शंकेखोरांना: मुद्दा बरोबर. मी आठवड्याला एक रक्कम ठरवून ठेवतो, बियरच्या खात्यात लिहितो.

वरळीचा फिरस्ता

सकाळी महालक्ष्मीला चालायला जातो, त्यामुळे घोड्यांचा सराव फुकटात दिसतो. पेपरात ट्रॅकवर्क छापून येतं: वाळूवर 600 मीटर 39 सेकंद, "ईझी" किंवा "पुश्ड", "मूव्ह्ड फ्रीली". नवे लोक सेकंद वाचतात. मी पुढचा शब्द वाचतो. 38 सेकंद "पुश्ड" म्हणजे जॉकीला हात चालवावे लागले. 39 "ईझी" म्हणजे लगाम धरून ठेवला होता. माझ्या लेखी दुसरा बरा. वर कोण होतं तेही बघावं. रायडिंग बॉय (सरावाला बसणारा पोरगा) आणि शर्यतीत बसणारा जॉकी यांच्या वजनात बराच फरक असू शकतो.

मात्र सकाळचा शेर संध्याकाळी शेळी झालेलाही पाहिलाय. म्हणून ट्रॅकवर्क फक्त एका कामाला वापरतो: दोन-तीन महिने गायब असलेला घोडा परत कार्डावर आला की. जुन्या रेकॉर्डमधला तो खड्डा भरायला दुसरं काही नसतं.

गिरगावकरीण

वरच्याला जोडून: स्टाइपेंडियरी स्ट्युअर्डचा (शर्यतीवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा) अहवाल वाचता का कोणी? सुटताना धडक बसली, खोगीर सरकलं, वळणावर वाट मिळाली नाही, असलं सगळं त्यात असतं. "घोडा खेचला, घोडा खेचला" (जॉकीने मुद्दाम हरवला) म्हणून बुकींच्या रिंगमध्ये बोंब मारण्याआधी तो कागद बघावा. अर्ध्या वेळी कारण तिथेच सापडतं. उरलेल्या अर्ध्या वेळी मीही बोंब मारते.

नवा भिडू

सगळं वहीत उतरवून घेतोय. एक शंका. जो घोडा पहिल्यांदाच धावतोय त्याचं काय? त्याच्यापुढे तर सगळं कोरंच.

धागाकर्ता

त्याचं नाही, त्याच्या आईचं बघायचं. इंडियन स्टड बुकात (घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदवहीत) घोडीची आधीची पिल्लं सापडतात. ती किती वयाला जिंकायला लागली आणि कुठल्या अंतरावर, एवढं काढ. भावंडं सगळी 2000 मीटरच्या पुढे खुलली असतील तर याच्याकडून 1000 मीटरच्या पहिल्याच शर्यतीत अपेक्षा कशाला? मॉक रेसमध्ये, म्हणजे सरावाच्या शर्यतीत, धावला असेल तर तेही छापून येतं. आणि कार्डात निम्मे घोडे कोरेच असतील तर मी ती शर्यत सोडतो, पॅडॉकला (शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे) जाऊन नुसते घोडे बघतो. जॅकपॉटवाल्यांना (पाच शर्यतींचे विजेते एकत्र ओळखायची पैज लावणाऱ्यांना) ती सोय नाही, त्यांना पाचही शर्यतींत कोणीतरी धरावाच लागतो. त्यांच्यापैकी कोणी वाचत असेल तर लिहा, अशा शर्यतीत सगळेच घोडे घेता की देवाचं नाव घेऊन एकच?